एकसष्टावी बरणी

मेहरूण, जळगाव
१२ नोव्हेंबर १९९७

पोचले. गाडी फक्त चाळीस मिनिटं उशिरा आली, डब्यात कुणी माझ्या पायावर पेटी ठेवली नाही आणि स्टेशनवर इंदरचंदशेठ स्वतः मोटार घेऊन उभे होते. बासष्टाव्या वर्षी मला घ्यायला कुणी येतं हे इतकं अनपेक्षित होतं की आभार मानायचेही राहिले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस असत्या तर हातावर पट्टी बसली असती.

घर झकास आहे. दुमजली बंगला, मोझॅइकच्या लाद्या, नुकत्याच चुना दिलेल्या पांढऱ्याफेक भिंती. माझी खोली वरच्या मजल्यावर. खिडकीतून तलाव दिसतो आणि खाली मागच्या अंगणातली विहीर. खोलीत केळ्यांचा अख्खा घड ठेवलाय. चौतीस वर्षं मुंबईच्या संग्रहालयात शंखशिंपल्यांचा विभाग सांभाळला, तर निरोपाला मिळालं एक भिंतीवरचं घड्याळ, तेही बंद. माझी खुर्ची मिळाली ती ज्याला गोगलगाय आणि शिंपला यांतला फरक मी शिकवला त्या गृहस्थाला. असो. आज मी आनंदात आहे.

काम असं : शेठजींचा एकुलता एक मुलगा दीपचंद समुद्रशास्त्रज्ञ होता. जहाजानं तीनदा दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आला आणि तिथल्या पोहणाऱ्या गोगलगायी गोळा करून त्यानं एकसष्ट बरण्या भरल्या. दोन वर्षांपूर्वी तो गेला, चौतिसाव्या वर्षी. आता एक संस्था तो संग्रह नेणार आहे. त्यांचा माणूस पंधरा डिसेंबरला जीप घेऊन येईल. तोवर मी प्रत्येक बरणी तपासायची, मोजमापं लिहायची आणि नमुने सुरक्षित करून द्यायचे.

ह्या बरण्यांचं मोल समजणारी माणसं देशात दहा असतील. हा जीव मोहरीएवढा, फार तर मसुरीएवढा. पाठीवर काचेसारखं पारदर्शक कवच, नखाहून पातळ, डावीकडे वळलेलं. पायाचे दोन पंख झालेले, त्यांनी तो पाण्यात उडतो. आपल्या गिरण्यांचा न् मोटारींचा धूर समुद्र पितो आणि हळूहळू आंबट होतो. थंड समुद्र आधी. त्या आंबट पाण्यात पहिलं विरघळेल ते हेच कवच. हे मी परिषदेत बोलले तेव्हा पुढच्या रांगेतले विद्वान हसले होते. हसा म्हणावं. १९८४ साली कवच केवढं जाड होतं याचे साक्षीदार ह्या घरात बरण्यांत बसले आहेत, आणि मी ते पंधरा तारखेपर्यंत सांभाळणार आहे.

१४ नोव्हेंबर

एकसष्टच्या एकसष्ट बरण्या जुन्या मोटारखान्यात आहेत, फळ्यांवर. एकीला तडा गेलाय, तिच्यातले काही नमुने दीपचंदनं एकसष्टाव्या बरणीत हलवले असावेत. तिच्यात गर्दी आहे. फॉर्मॅलिन जुनं झालं की आंबट होतं, हे प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. दोन वर्षांत कुणी बघितलं नाही. लिटमसचा कागद बुडवला की लालभडक. बऱ्याच कवचांवर पांढरी साय आली आहे, काहींना भोकं. ध्रुवावर जे व्हायला अजून पन्नास वर्षं आहेत ते इथं फळीवर होऊन गेलं. मी मोटारखान्यात उभी राहून मोठ्यानं शिव्या घातल्या, इंग्रजीत.

त्या ऐकून शेठाणी, प्रेमकुंवरबाई, दाराशी आल्या. आत पाऊल टाकत नाहीत. म्हणाल्या, ज्या घरात मुंगीला वळसा घालून जातात तिथं मेलेल्या जिवांची दुकानं मांडलीत, आता वर ओरडताही का मास्तरीणबाई? मी म्हटलं, ही दुकानं तुमच्या चिरंजिवांनी मांडली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. नमुने मारल्याशिवाय शास्त्र होत नाही, हेही ऐकवलं.

सकाळी त्यांना विहिरीवर पाहिलं. ह्या घरात नळाचं पाणी पीत नाहीत. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर जे राहतं, डोळ्याला न दिसणारे जीव, ते पाण्यानं धुऊन त्याच विहिरीत परत सोडतात. वरून ओतत नाहीत. बादली अगदी पाण्याला टेकवून मग कलंडतात, जिवांना धक्का लागू नये म्हणून. ज्या पाण्यातून काढले त्याच पाण्यात परत, दुसरीकडे सोडले तर मरतात, असा नियम. नियम म्हणून चोख आहे. आमच्या संग्रहालयात एवढी काळजी कुणी घेतली असती तर मला रक्तदाब झाला नसता.

१७ नोव्हेंबर

एकसष्ट नंबर वर माझ्या खोलीत आणला. टाकणखार घालून द्रव सौम्य केला, प्रयोग म्हणून. जमलं तर बाकीच्यांनाही तेच करीन आणि मग सगळं स्पिरिटमध्ये हलवीन. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं : एकूण चाळीस नमुने, सर्वांत मोठा २.१ मिलिमीटर, कवच अर्धं खाल्लेलं.

घरातलं सगळं काम तानुबाई करते. यावलकडची, जिभेला हाड नसलेली बाई, माझं नि तिचं लगेच जमलं. मला अक्का म्हणते. ऐन भरिताच्या दिवसांत जळगावला यावं आणि घर असं निघावं की वांगं उंबऱ्यावरून माघारी जातं, हे दुःख तिला कळलं. आज पदराखालून भरित आणि कळण्याची भाकरी घेऊन आली. शेठाणीला वास आला तर आपण दोघी विहिरीत, असं म्हणून खिदळली.

१९ नोव्हेंबर

स्पिरिटच्या परवान्यासाठी तीन दिवस दारूबंदीच्या कचेरीत खेटे. तिथल्या साहेबांनी विचारलं, ह्या वयात एवढं स्पिरिट कशाला? मी म्हटलं, गोगलगायींना पाजायला, माझ्या वाट्याला तुमच्यासारखी माणसं येतात ती शुद्धीवर राहूनच सोसते. सही मिळाली. माल मात्र धुळ्याला. उद्या एरंडोलवरून जाणाऱ्या एस.टी.नं निघते, परवा मुक्काम, तेरवा परत.

२२ नोव्हेंबर

साठच्या साठ रिकाम्या.

धुऊन, पुसून, उपड्या घातलेल्या. मी मोटारखान्याच्या दारात वीस लिटर स्पिरिट घेऊन उभी आणि आत लोणच्याच्या बरण्या वाळत घालाव्यात तशा ओळी.

प्रेमकुंवरबाईंनी लपवलं नाही. फडक्यातून गाळले, म्हणाल्या, आणि पाण्याला टेकवून सोडले. विहिरीत. ध्रुवाच्या समुद्रातले जीव, तेरा वर्षांपूर्वी मेलेले, जळगावच्या विहिरीत! मी विचारलं, तुमचाच नियम ना, ज्या पाण्यातले त्याच पाण्यात? त्या म्हणाल्या, नियम मला शिकवू नका.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं त्यात काही नव्हतं.

शेठजी आले, मान खाली घालून बसले. ते पाणी आता विष आहे, पिऊ नका, एवढं मी तीनदा सांगितलं. शेठजी आणि तानुबाई नळाचं पिणार. प्रेमकुंवरबाईंनी माझ्यासमोर तांब्या भरून घेतला आणि प्यायल्या.

२४ नोव्हेंबर

परत जावं असं ठरवलं होतं. पण एकसष्ट नंबर माझ्या कुलूपबंद खोलीत टेबलावर होता, म्हणून वाचला. चाळीस साक्षीदार उरलेत. ते पंधरा तारखेला माझ्या हातानं जीपमध्ये ठेवीन आणि मगच ह्या घराचा उंबरा ओलांडीन. तोवर बरणी नजरेआड होणार नाही. खोलीला कुलूप, किल्ली गळ्यात.

टाकणखारानं चमत्कार केला आहे. कवचांवरची साय गेली. भोकं बुजल्यासारखी दिसतात. सर्वांत मोठा २.३. आधी मोजताना चुकले असेन.

२७ नोव्हेंबर

तानुबाईची तंबाखूच्या चुन्याची डबी रोज सकाळी रिकामी निघते. स्वयंपाकघरात ठेवते, झाकण घट्ट लावून. चुना बठ्ठा सरी गया, म्हणून माझ्याकडे संशयानं बघते. मी तिला म्हटलं, मला चुनाच खायचा असता तर सरकारी नोकरीत चौतीस वर्षं लावून घेतला तेवढा पुरे होता.

दुपारी तिनं मला विहिरीवर नेलं. आतल्या कठड्याचा चुना पाण्यापासून वर हातभर गेला आहे. खरवडल्यासारखा नाही, चाटल्यासारखा. दगड स्वच्छ. आणि वरची कड सरळ, पट्टीनं आखावी तशी.

लिटमस बुडवला. लाल. साठ बरण्यांतलं फॉर्मॅलिन एवढ्या पाण्याला लाल करू शकत नाही. मी हिशेब मांडला, दोनदा.

३० नोव्हेंबर

भाकरी चावताना दाढ हलली. दुखली नाही. बोटानं धरली तर निघून हातात आली, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, आणि चिमटीत दाबली तर वाकली.

तानुबाईच्या कोंबड्या आमच्या मागच्या गल्लीत आहेत. तीन दिवस अंडी बिनकवचाची घालताहेत. पिशवीत पाणी धरावं तशी. तिनं हातावर घेऊन दाखवलं आणि या वेळी खिदळली नाही.

मोठा नमुना : २.९.

मृत प्राण्याचं कवच वाढत नाही. हे वाक्य मी स्वतःसाठी लिहिते आहे.

३ डिसेंबर

खालच्या मजल्याच्या भिंतींवर चुन्याची रेघ कमरेपर्यंत आली. खाली नुसत्या विटा. रोज वीतभर वर. शेठजी म्हणतात ओल असेल. त्यांना म्हटलं, ओल पोपडे काढते, अशी रांगेत उभी राहून वर चढत नाही. ते रडवेले झाले. मला बरं वाटलं आणि मग नाही वाटलं.

नखं कागदासारखी झाली आहेत. डॉक्टर येऊन गेला, पोरसवदा. ह्या वयात बायकांची हाडं झिजतातच आजी, म्हणाला. आजी! कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आहेत, दिवसाला चार.

मोठा ३.८. आणि तो एकटा नव्हे. चाळीसही. कवचं इतकी सुंदर आहेत की — कुठल्याही ग्रंथात असं चित्र नाही. एकही भोक नाही. काठावर नवी वाढ, रोजची एक रेषा. मी त्या रेषा मोजल्या. सोळा. बरणी माझ्या खोलीत येऊन सोळा दिवस झाले.

५ डिसेंबर

आठ गोळ्या घेतल्या. ४.६. गोळ्या मी खाते, अंगाला लागतात त्यांच्या.

बरणी खोलीबाहेर ठेवायला सोपं आहे. दार उघडायचं नि व्हरांड्यात ठेवायची. पण बाहेर ती बाई आहे, फडकं घेऊन. रोज जिन्याच्या पायरीवर बसते. शेवटची बरणी. पंधरा तारखेला दहा दिवस. दहा दिवस मी सहज देऊ शकते. माझी हाडं असून आजवर कुणाच्या काय उपयोगी पडली?

७ डिसेंबर

न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. आवाज झाला नाही. हाड मोडल्याचा आवाज होतो, माझं दुमडलं. तानुबाईनं उचलून पलंगावर ठेवलं, बरणी नि सूक्ष्मदर्शक उशाजवळच्या बुटक्या स्टुलावर. कमरेखाली मी आता माझी नाही.

तिला संस्थेला ट्रंककॉल करायला पाठवलं. साहेब दौऱ्यावर आहेत. पंधरालाच येतील. साहेब नेहमी दौऱ्यावरच असतात.

९ डिसेंबर

प्रेमकुंवरबाई वर आल्या. तानुबाईनं दार उघडं ठेवलं होतं. उजवा हात झोळीत बांधलेला, तोंडात एकही दात नाही. उंबऱ्यात बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी भांडल्या नाहीत.

सांगितलं ते असं. दीपचंद ह्याच खोलीत राहायचा. बरण्या तेव्हा ह्याच खोलीत, चारी भिंतींना. शेवटच्या वर्षी त्याच्या हातातून ताट पडायला लागलं. भातात दात पडायचे, तो उचलून बाजूला ठेवायचा आणि जेवायचा. मुंबईच्या डॉक्टरांना निदान झालं नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेले तर राख चाळलेल्या पिठासारखी. ज्वारीच्या दाण्याएवढंही हाड नाही. दिराचं बोलणं त्यांच्या कानावर आलं, भाभीच्या पोराला हाडंच नव्हती. हाडं कुठं आहेत हे त्यांना ठाऊक होतं. बरण्यांत चमकत होती.

दोन वर्षं त्या फळ्यांकडे बघत राहिल्या. मग जीप येणार असं ठरलं. पोराच्या अस्थी जीपमधून परक्या गावी जाणार. म्हणून गाळून घेतल्या आणि विसर्जन केलं. ज्या पाण्यातला त्याच पाण्यात, मास्तरीणबाई. तो ह्याच विहिरीच्या पाण्यावर वाढला. नियम मी मोडला नाही.

नाही मोडला. मुलगा ह्या पाण्यातला होता. पण हाडं ज्यांनी पांघरली होती ते नव्हते. पाण्यातला चुना ओढून त्यांनी ते आंबट केलं, त्यात अंगावरचं विरघळलं, आणि ते पुन्हा चुना शोधायला लागले. आधी कठडा, मग भिंती, मग ती बाई.

त्यांनी एकसष्ट नंबर मागितला. शेवटचा हिस्सा आहे म्हणाल्या, द्या. पदर पसरला, एका हातानं.

मी म्हटलं, ही बरणी शास्त्राची मालमत्ता आहे, कुणाच्या आईची नव्हे.

हे मी खरंच म्हटलं. लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

१० डिसेंबर

सकाळी खाली आरडाओरडा. प्रेमकुंवरबाई विहिरीपाशी पडल्या होत्या. तानुबाई सांगते, उचलायला गेलो तर ओल्या लुगड्यासारख्या हातातून निसटत होत्या. जिवंत आहेत. डोळे फिरतात.

शेठजी मोटार घेऊन त्यांना इस्पितळात नेताहेत. मलाही नेतो म्हणाले, हात जोडले. चार माणसं उचलायला तयार होती. मी विचारलं, बरणी? ते म्हणाले, आग लावा त्या बरणीला. मग मी नाही म्हटलं. पाच दिवस. फक्त पाच. चाळीस नमुने, जगात कुठंही नसतील असे —

गेले.

११ डिसेंबर

तानुबाई दारात. अक्का, माले भेव लागस. यावलला चालली. दोन तांबे पाणी, भाकरी, उशाशी ठेवून गेली. कुणालातरी धाडते म्हणाली. रडत होती. मी तिला म्हटलं, पळ, आणि कोंबड्या घेऊन जा.

भिंतीची रेघ जिन्यानं वर आली. खोलीत आली. चुना — फक्त छताला उरलाय.

डाव्या हातानं लिहितेय. उजव्याची बोटं पेन्सिलीभोवती गुंडाळली जातात.

६.२. सूक्ष्मदर्शक लागत नाही आता.

पंख हलतात. सगळ्यांचे. एकदमच, वाऱ्यावर शेत हलावं तसे.

१२ डिसेंबर, सकाळ

नाही देणार. संस्थेला नाही, आईला नाही. मरायची वेळ आली की माणसाला कळतं, साक्षीदार कशाचा होता — चाळीस कवचं आहेत माझी. माझ्या मणक्याची. त्या पोराचीही, खाली, आतल्या वळणांत. हे बघायला जीप येणार? मापं घेणार? तेव्हा हसलेले आता माझ्यावर निबंध वाचणार —

न्हाणीत अ‍ॅसिडची बाटली आहे. संडास धुवायची. सात फूट लांब. जाऊन येते.

दुपार

अडीच तास लागले. कोपरांवर.

बूच दातांनी — दात नाहीत. हिरड्यांनी. ओतलं. सगळी बाटली.

फेस आला. काय सुंदर फेस. उकळल्यासारखी बरणी. कवचं धूसर, मग जाळी, मग काही नाही. चाळीसच्या चाळीस. कवच गेलं की जीव जातो, पाठ्यपुस्तकात आहे, मी स्वतः शिकवलंय. बरणी कोपरानं ढकलून दिली. फुटली. लादीवर सांडली. संपलं. हसले मी. मोठ्यानं, इंग्रजीत.

ऊन आलंय लादीवर. जरा पडते —

नंतर

मेले नाहीत.

लादीवर. ओल्यात. उघडे. पंख —

मी काय केलं. परिषदेत मीच ओरडत होते — आंबट केलंत तर — मीच —

विरघळलं की शोधतात. विहिरीत तेच झालं. मला माहीत होतं. राग आला होता म्हणून —

भिंतींना चुना उरला नाही. छत गेलं, आत्ता, बघता बघता, विटा दिसतात. ओल सरकतेय. उताराकडे नाही. इकडे.

चाळीस आहेत. भुकेले. ह्या खोलीत चुना असलेलं आता फक्त —